टाळे लागण्याआधीची वर्षे

प्रश्न थोडक्यात असा आहे : ज्या गेम स्टुडिओंवर खेळाडूंनी वर्षानुवर्षे जीव लावला, ते मोठ्या प्रकाशकाच्या, म्हणजे गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात गेल्यावर काही वर्षांतच निस्तेज का होतात, यामागे प्रकाशकाची हाव एवढेच कारण आहे का, आणि आवडत्या स्टुडिओची विक्री झाल्याची बातमी आल्यावर पुढे काय होईल याचा अंदाज सामान्य खेळाडूला बांधता येतो का? मी सतरा वर्षे या व्यवसायात प्रोड्यूसर म्हणून काम केले आहे. सुरुवातीची वर्षे स्टुडिओत राहून प्रकाशकाकडे पैसे मागण्यात गेली, मधली काही वर्षे प्रकाशकाकडे बसून स्टुडिओंना पैसे देण्यात गेली, आणि आता मी पुन्हा स्टुडिओच्या बाजूला आलो आहे. त्यामुळे या उत्तरात कोणा एका बाजूची वकिली करण्याचा माझा हेतू नाही.

हाव हा शब्द रागाला वाट देतो, पण त्यातून काही उलगडत नाही. प्रकाशक पहिल्या दिवसापासून नफ्यासाठीच या धंद्यात आहेत. अॅक्टिव्हिजन ही कंपनी १९७९ साली अटारी या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी काढली, कारण त्यांनी लिहिलेल्या गेमवर त्यांचे नाव छापले जात नव्हते आणि विक्रीतला वाटाही मिळत नव्हता. १९८२ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सुरुवातीच्या जाहिरातींत गेम लिहिणाऱ्यांना कलावंत म्हणून मिरवले होते. म्हणजे आज ज्या दोन नावांवर खेळाडूंचा सर्वाधिक राग आहे, त्यांपैकी एक कंपनी प्रकाशकाविरुद्धच्या बंडातून जन्मली आणि दुसरी कलावंतांचा कैवार घेत बाजारात आली. तेव्हा प्रकाशकाला नफा हवा आहे का हे विचारण्यात अर्थ नाही. तो नफा त्याला किती दिवसांत हवा आहे आणि कोणत्या वहीत तो मांडला जाणार आहे, हे विचारले की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

सुरुवात पैशांच्या व्यवहारापासूनच करावी लागेल, कारण स्टुडिओ मुळात विकला का जातो हे त्यावाचून कळत नाही. एक काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. प्रकाशकाने गेम तयार करण्यासाठी स्टुडिओला १ कोटी डॉलर आगाऊ दिले आणि निव्वळ उत्पन्नात स्टुडिओचा वाटा २० टक्के ठरला. गेमची किंमत ५० डॉलर आहे. ऑनलाइन दुकानाचे ३० टक्के वजा जाता ३५ डॉलर उरतात आणि त्यातले ७ डॉलर स्टुडिओच्या नावावर जमा होतात. परंतु ते हातात पडत नाहीत, कारण दिलेली उचल आधी वसूल व्हायची असते आणि ती प्रकाशकाच्या २८ डॉलरांतून नव्हे तर स्टुडिओच्या ७ डॉलरांतूनच कापली जाते. आमच्यात याला ‘रिकूप’ म्हणतात. या हिशेबाने साधारण १४ लाख २९ हजार प्रती खपेपर्यंत स्टुडिओला एक पैसाही मिळत नाही, आणि तोवर प्रकाशकाकडे ५ कोटी डॉलर जमा झालेले असतात. त्यातून जाहिरातीचा आणि इतर खर्च वजा होतो हे खरे, आणि गेम आपटला तर उचल बुडते ती प्रकाशकाचीच, हेही खरे. तरीही दहा लाख प्रती खपलेला, समीक्षकांनी वाखाणलेला गेम करूनही स्टुडिओच्या खात्यात पुढच्या तीन महिन्यांच्या पगारापुरतीच रक्कम असते, याचे कोडे बाहेरच्यांना सुटत नाही. ते या हिशेबात आहे.

मग पुढचा करार मिळेपर्यंत माणसे सांभाळायची कशी? प्रकाशक रक्कम एकदम देत नाही, ठरलेला टप्पा पूर्ण झाला की हप्ता सोडतो, आणि टप्पा नाकारला गेला की पगार अडतो. अशा परिस्थितीत ‘आम्ही तुम्हाला विकतच घेतो, पगाराची चिंता आमच्यावर सोडा’ असे कोणी म्हटले, तर दहा वर्षे दर महिन्याला पोटात गोळा घेऊन जगलेला संस्थापक होकार देतो. मी अशा संस्थापकांना जवळून पाहिले आहे आणि त्यांना विकाऊ म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने होत नाही. त्यात मोठ्या गेमचे खर्च आता आवाक्याबाहेर गेले आहेत. २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्यात सोनीची कागदपत्रे नीट न झाकता सादर झाली आणि ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी, तर ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी डॉलर लागल्याचे सर्वांनी वाचले. एवढी रक्कम स्वबळावर उभी करणारे स्टुडिओ बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

आता खरेदीकडे वळू. प्रकाशक जेव्हा स्टुडिओ विकत घेतो, तेव्हा नेमके काय विकत घेतो? हिशेबाच्या वहीत उत्तर स्पष्ट असते : गेमच्या नावांचे आणि पात्रांचे हक्क, तंत्रज्ञान, आणि उरलेल्या किमतीला ‘गुडविल’ हे मोघम नाव. पण चांगला गेम ज्यातून निर्माण होतो ती गोष्ट या वहीत कुठेच नसते. ती म्हणजे एकमेकांच्या सवयी ओळखणारी, तीन-चार गेम एकत्र पार पाडलेली, कोणता वाद किती ताणायचा आणि कुठे सोडायचा हे न बोलता कळणारी तीस-चाळीस माणसे. नाव कायद्याने विकता येते. ही माणसे मात्र विकली जात नाहीत, फार तर काही काळ थांबवून ठेवता येतात.

वेस्टवुड स्टुडिओचे उदाहरण मला याबाबतीत फार बोलके वाटते. ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिका करणारा हा स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९९८ साली घेतला आणि २००३ साली बंद केला. तिथून बाहेर पडलेल्या काही जणांनी त्याच वर्षी पेट्रोग्लिफ नावाचा छोटा स्टुडिओ काढला. मालिकेचे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडेच राहिले आणि त्या नावाने पुढेही गेम निघाले. परंतु जुने गेम नव्या रूपात आणायचे ठरले तेव्हा प्रकाशकाने ते काम पेट्रोग्लिफलाच दिले आणि २०२० साली आलेल्या त्या संचाचे खेळाडूंनी मनापासून स्वागत केले. ज्या माणसांना सतरा वर्षांपूर्वी निरोप दिला, त्यांच्यातल्याच काहींकडे त्याच कामासाठी परत जावे लागले.

खरेदीनंतर माणसांना थांबवण्यासाठी जो उपाय योजतात, त्याला ‘अर्न-आउट’ म्हणतात. किमतीचा काही भाग लगेच द्यायचा आणि उरलेला, ठरावीक वर्षांत ठरावीक उत्पन्न झाले तरच द्यायचा. कागदावर हे दोघांच्या हिताचे दिसते. प्रत्यक्षात त्यामुळे गेम कोणत्या तारखेला बाजारात येतो यावर कोट्यवधी डॉलर अवलंबून राहतात आणि तारखेचा निर्णय गेमच्या तब्येतीवरून घेण्याची सवय मोडते. ‘सबनॉटिका’ करणारा अननोन वर्ल्ड्स हा स्टुडिओ क्राफ्टॉन या प्रकाशकाने २०२१ साली ५० कोटी डॉलरला घेतला आणि आणखी २५ कोटींपर्यंतची रक्कम पुढील कामगिरीवर ठेवली. २०२५ साली स्टुडिओच्या प्रमुखांना दूर करण्यात आले, ‘सबनॉटिका २’ लांबणीवर पडला, आणि वाद डेलावेअरच्या न्यायालयात गेला. तिथे कोणाची बाजू किती खरी यात मी पडत नाही. मुद्दा एवढाच की ‘गेम तयार आहे का’ हा कारागिरीचा प्रश्न कराराच्या रचनेमुळे वकिलांच्या टेबलावर जाऊन पोहोचला.

तारखेचा विषय निघालाच आहे तर स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्रकाशकासाठी एकट्याने खेळायचा साहसी गेम करत होतो. काम सुरळीत होते, पण शेवटच्या दोन प्रकरणांतील लढाया कच्च्या होत्या आणि जतन केलेला खेळ क्वचित पुसला जात होता. आम्ही चार महिने मागितले. समोरच्या माणसाने गेम स्वतः खेळला होता आणि आमचे म्हणणे त्याला शंभर टक्के पटलेही होते. तरीही त्याने नकार दिला, कारण त्यांचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत होते, वर्षाचा अंदाज गुंतवणूकदारांना आधीच सांगून झाला होता, आणि त्या वर्षासाठी ठरलेला दुसरा एक मोठा गेम पुढे गेल्यामुळे पडलेले भगदाड आमच्या गेमने बुजवायचे होते. गेम मार्चमध्ये आला. पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणांत त्याच दोन दोषांवर बोट ठेवले गेले, आणि जूनमध्ये आम्ही दोन्ही दुरुस्त केले तेव्हा ते पाहायला फारसे कोणी उरले नव्हते. त्या खोलीत हावरट असे कोणीही नव्हते. मागच्या तिमाहीत दिलेल्या शब्दापुढे प्रत्येकाचा नाइलाज झाला होता.

याहून प्रसिद्ध उदाहरण ‘टायटनफॉल २’चे आहे. रिस्पॉन स्टुडिओचा हा गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आणला. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी याच प्रकाशकाचा ‘बॅटलफील्ड १’ आला होता आणि एक आठवड्याने अॅक्टिव्हिजनचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ येणार होता. ज्या गेमच्या एकट्याने खेळायच्या भागाची आजही आठवण काढली जाते, तो दोन हत्तींच्या मधल्या फटीत उभा केला गेला आणि अपेक्षेइतका खपला नाही. प्रकाशकाच्या दृष्टीने एकाच सणासुदीच्या तिमाहीत दोन नेमबाजीचे गेम असणे हे बेरजेचे गणित होते. स्टुडिओच्या दृष्टीने तो काही वर्षांत एकदाच येणारा डाव होता.

गुणांकावर बांधलेल्या बोनसचाही इथेच उल्लेख करून पुढे जातो. २०१० साली आलेल्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’साठी ऑब्सिडियन स्टुडिओला मेटाक्रिटिकवर, म्हणजे परीक्षणांतील गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळायचा होता, आणि मिळाले ८४. हे त्या स्टुडिओतील एका ज्येष्ठ लेखकानेच पुढे जाहीरपणे सांगितले. चाहते हा किस्सा क्रूरपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात क्रूरपणापेक्षा आळस अधिक दिसतो, कारण गेम चांगला आहे की नाही हे स्वतः ठरवण्याची जबाबदारी प्रकाशकाने बाहेरच्या एका सरासरीवर ढकलली होती.

माझ्या मते खरा घाव बसतो तो याहून खोल जागी, म्हणजे काम टाकून देण्याच्या अधिकारावर. ब्लिझार्ड या स्टुडिओला त्याचे नाव मिळवून देण्यात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या गेमइतकाच न केलेल्या गेमचा वाटा आहे. ‘स्टारक्राफ्ट : घोस्ट’ त्यांनी जाहीर करूनही सोडून दिला. ‘टायटन’ हा अनेक वर्षे चाललेला भव्य प्रकल्प जमत नाही असे पाहून रद्द केला आणि २०१४ साली ते उघडपणे कबूल केले. त्याच्या अवशेषांतून आणि त्यावर काम केलेल्या माणसांतून ‘ओव्हरवॉच’ उभा राहिला आणि तो २०१६ साली आला. असे वागण्यासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारखे दर महिन्याला वर्गणी देणारे दुभते जनावर गोठ्यात असावे लागते आणि त्याच्या दुधावर पहिला हक्क स्टुडिओचा असावा लागतो. तो हक्क कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडे गेला की फसलेला प्रकल्प म्हणजे शिकवणी न राहता ‘निर्लेखित’, म्हणजे बुडीत खाती टाकलेली, रक्कम होते आणि कोणाच्या तरी कारकिर्दीवरचा डाग ठरते. मग असा प्रकल्प रद्द करायला कोणीच धजावत नाही. तो रखडत, रंगरंगोटी करत बाजारापर्यंत नेला जातो.

आणि याच सुमारास नफ्याची व्याख्याच बदलली. पूर्वी गेम विकला की पैसे आले आणि व्यवहार संपला. एकाच गेममधून वर्षानुवर्षे पैसे येत राहू शकतात हे ‘फिफा’मधील अल्टिमेट टीम या खेळप्रकाराने आणि ‘जीटीए ऑनलाइन’ने दाखवून दिले, तेव्हा एकदाच विकला जाणारा गेम वहीत एकाएकी केविलवाणा दिसू लागला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या अलीकडच्या वार्षिक उत्पन्नात सुमारे सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा गेममधील खरेदी, वर्गणी अशा चालू सेवांचा आहे. ज्या कंपनीचे उत्पन्न असे येते, तिथल्या मंजुरीच्या बैठकीत उत्तम कथेचा, तीस तासांत संपणारा गेम नफ्यात असला तरी हरतो. त्याची स्पर्धा तोट्याशी नसते. तेवढ्याच माणसांनी तेवढ्याच वर्षांत केलेली लाइव्ह सर्व्हिस, म्हणजे सतत भर घालत वर्षानुवर्षे चालवायचा ऑनलाइन गेम, कदाचित दहापट कमावेल, या कल्पनेशी असते. त्या ‘कदाचित’चा भाव बैठकीत कोणी विचारत नाही.

मग एका कामात मुरलेल्या स्टुडिओला दुसरेच काम दिले जाते. मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतलेल्या लायनहेडने ‘फेबल’ मालिकेतून एकट्या खेळाडूसाठी मिस्कील, कथाप्रधान गेम केले होते. त्याच स्टुडिओकडे ‘फेबल लेजेंड्स’ हा फुकट खेळायचा, अनेकांनी मिळून खेळायचा गेम आला, तो २०१६ साली पूर्ण होण्याआधीच रद्द झाला आणि स्टुडिओही बंद झाला. सोनीने मार्च २०२६पर्यंत बारा लाइव्ह सर्व्हिस गेम आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२३च्या अखेरीस ते निम्म्यावर आले, ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम रद्द झाला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये आलेला ‘कॉन्कॉर्ड’ दोन आठवड्यांत मागे घेऊन खेळाडूंना पैसे परत करावे लागले. तो करणारा फायरवॉक स्टुडिओ ऑक्टोबरमध्ये बंद झाला.

आर्केन ऑस्टिनची कथा मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात सगळे धागे एकत्र येतात. २०१७ साली या स्टुडिओने ‘प्रे’ हा गेम केला. एक अवकाशस्थानक, त्यात खेळाडूला दिलेली विलक्षण मोकळीक, आणि प्रत्येक अडचणीवर पाच वाटा, अशी त्याची रचना होती. समीक्षकांनी गौरवलेला हा गेम विक्रीत साधारणच राहिला. पुढचा प्रकल्प ठरला तो ‘रेडफॉल’, म्हणजे चार मित्रांनी मिळून रक्तपिशाचांना गोळ्या घालण्याचा. पुढे आलेल्या बातम्यांनुसार पालक कंपनी झेनिमॅक्सला तेव्हा वारंवार पैसे देणारे गेम हवे होते, आणि ‘प्रे’वर काम केलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के माणसे ‘रेडफॉल’ पूर्ण होईपर्यंत निघून गेली होती. मध्यंतरी, मार्च २०२१मध्ये, मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलर मोजून झेनिमॅक्स विकत घेतली. मे २०२३मध्ये ‘रेडफॉल’ आला आणि आपटला. मे २०२४मध्ये स्टुडिओला टाळे लागले.

त्यातला सत्तर टक्क्यांचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला अवकाशस्थानकाची गुंतागुंतीची रचना करण्यात आनंद वाटतो असा डिझायनर नेमबाजीच्या गेमसाठी ‘लूट’ (खेळाडूला वाटेत मिळणारी बक्षिसे) वाटण्याची कोष्टके भरण्यात तीन वर्षे घालवत नाही. तो मुकाट्याने दुसरीकडे जातो. सर्वांत आधी जातात ते ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळते ते, म्हणजेच सर्वांत कुशल. त्यांच्या जागी माणसे येतात, तीही गुणी असतात, पण त्यांनी एकत्र काहीच केलेले नसते. बाहेरून पाटी तीच असते आणि खेळाडू त्या पाटीकडे पाहून अपेक्षा बांधतात. म्हणूनच मी म्हणतो की स्टुडिओ बंद झाल्याची बातमी येते तो दिवस बहुधा औपचारिकतेचा असतो. जे संपायचे ते दोन-तीन वर्षे आधी, एकेका निरोपसमारंभात संपलेले असते. गुन्हेगार शोधायचा म्हटला तर तोही नीट सापडत नाही : गेम एका मालकाने सुचवला, बंद करण्याच्या आदेशावर सही दुसऱ्याने केली.

बायोवेअरच्या बाबतीत हीच क्रिया संथपणे घडली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडून या स्टुडिओच्या खरेदीचा व्यवहार २००७ साली जाहीर झाला, त्याच व्यवहारात पँडेमिक हा स्टुडिओही होता, आणि दोन वर्षांत पँडेमिक बंद झाला. बायोवेअर टिकला, बहरलासुद्धा, हे मान्य केले पाहिजे. ‘मास इफेक्ट’चे पुढचे भाग प्रकाशकाच्या पैशावरच झाले. नंतर ‘फ्रॉस्टबाइट’ हे ‘बॅटलफील्ड’साठी घडवलेले इंजिन, म्हणजे गेम ज्या पायाभूत सॉफ्टवेअरवर उभा राहतो ते, कंपनीतील बहुतेक स्टुडिओंत वापरले जाऊ लागले. यामागे बाहेरच्या इंजिनाचे शुल्क वाचवणे आणि ज्ञान कंपनीतच ठेवणे हा समजण्यासारखा विचार होता, पण नेमबाजीसाठी बनलेल्या इंजिनात पात्राच्या खिशातील वस्तूंची यादी करण्यासारख्या साध्या गोष्टीही नव्याने घडवाव्या लागत. वाचलेले शुल्क ताळेबंदात दिसते आणि त्यापायी गेलेली मनुष्यवर्षे दिसत नाहीत. २०१९ साली ‘अँथम’ आला आणि फसला. पुढचा ‘ड्रॅगन एज’ आधी अनेकांनी मिळून खेळायचा म्हणून घडवला जात होता, मग पुन्हा एकट्याचा केला गेला, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये आला तेव्हा त्यावर दोन्ही जन्मांच्या खुणा होत्या. पहिल्या तिमाहीत त्याला सुमारे १५ लाख खेळाडू मिळाले. कंपनीच्या म्हणण्यानुसार हे अपेक्षेच्या जवळपास निम्मे होते. यानंतर गुंतवणूकदारांशी बोलताना कंपनीप्रमुखांनी काढलेल्या निष्कर्षाचा रोख असा होता की खेळाडूंना एकत्र खेळण्याच्या सोयी अधिकाधिक हव्या आहेत. ज्या आजाराने रोगी खंगला, त्याचाच आणखी एक डोस लिहून दिल्यासारखे हे होते.

यश मिळाले म्हणजे स्टुडिओ सुरक्षित झाला, असेही आता राहिलेले नाही. टँगो गेमवर्क्सचा ‘हाय-फाय रश’ जानेवारी २०२३मध्ये अचानक आला, वाखाणला गेला, आणि स्टुडिओची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागातील अधिकाऱ्यांनी तो सर्व निकषांवर यशस्वी ठरल्याचे जाहीरपणे सांगितले. तरी मे २०२४मध्ये टँगोचे नाव बंद होणाऱ्या स्टुडिओंच्या यादीत आले. पुढे त्याच वर्षी क्राफ्टॉनने टँगोला आपल्याकडे घेतले म्हणून संघ काही प्रमाणात वाचला. त्याआधी काही महिने मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरला अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली होती आणि जानेवारी २०२४मध्ये गेम विभागातील १९०० जणांना कमी केले होते. एवढ्या मोठ्या व्यवहारानंतर विभागाकडे पाहण्याची नजरच बदलते. छोट्या गेमचा छोटा नफा, तो कितीही प्रामाणिक असो, त्या आकड्यांपुढे दिसतच नाही.

काही स्टुडिओ बंद होत नाहीत, फक्त विरघळतात, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. ‘हेरेटिक’, ‘हेक्सन’ करणारा रेव्हन १९९७ साली अॅक्टिव्हिजनकडे आला. २०१० नंतर त्याचे जवळजवळ सगळे काम ‘कॉल ऑफ ड्यूटी’चे झाले. टॉइज फॉर बॉबने २०२० साली ‘क्रॅश बँडिकूट ४’ दिला आणि पुढच्याच वर्षी तोही ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या मदतीला जुंपला गेला. २०२४ साली हा स्टुडिओ सुदैवाने स्वतंत्र झाला.

स्वस्त पैशाचाही या सगळ्यात मोठा हात आहे. व्याजदर शून्याजवळ असताना स्टुडिओ विकत घेणे हाच काहींचा धंदा झाला. एम्ब्रेसर या स्वीडिश समूहाने कित्येक स्टुडिओ घेतले आणि मे २०२३मध्ये २ अब्ज डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटताच डोलारा कोसळला. ‘सेंट्स रो’ करणारा, तीस वर्षांचा व्होलिशन त्याच ऑगस्टमध्ये बंद झाला. व्होलिशनचा शेवटचा गेम गाजला नव्हता हे खरे, पण व्याजदर खाली राहिले असते तर त्यांना पुढची संधी मिळाली असती, याबद्दल मला फारशी शंका नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डबल फाइनचा ‘सायकोनॉट्स २’ २०२१ साली आला तो मायक्रोसॉफ्टने २०१९ साली स्टुडिओ घेतल्यामुळे अधिक पूर्ण होऊन आला. पैशाअभावी कापायच्या ठरवलेल्या काही लढाया परत घेता आल्या, असे स्टुडिओप्रमुखांनीच सांगितले. ज्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘टायटनफॉल २’ची तारीख ठरवली, तिनेच नंतर रिस्पॉन विकत घेतला आणि त्याला एकट्याने खेळायचा, गेममध्ये काहीही न विकणारा ‘जेडाय : फॉलन ऑर्डर’ २०१९ साली करू दिला, तो एक कोटीहून अधिक जणांपर्यंत पोहोचला. उलट स्वतःच प्रकाशक असलेल्या सीडी प्रोजेक्टने २०२० साली तीनदा तारीख पुढे ढकलूनही ‘सायबरपंक २०७७’ कच्चाच आणला, कारण कंपनी वॉर्साच्या शेअर बाजारात नोंदलेली होती आणि सणाचा हंगाम हातचा जाऊ देणे तिला परवडत नव्हते. ‘बाल्डर्स गेट ३’ जवळपास तीन वर्षे अपूर्णावस्थेत विकत, खेळाडूंचे ऐकत घडवणे लॅरियनला जमले, कारण बहुतांश मालकी संस्थापकाकडे आहे आणि उशिराबद्दल जाब विचारायला दर तिमाहीला कोणी येत नाही. म्हणजे प्रकाशक आहे की नाही, यापेक्षा उशीर करण्याची मुभा कोणाच्या हाती आहे, हा भेद मोठा आहे.

याच कसोटीवर सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर झालेला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ५५ अब्ज डॉलरचा खरेदी-व्यवहार पाहावा. सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, आणि सिल्व्हर लेक व अॅफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या असे खरेदीदार आहेत, आणि कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडणार म्हणून आता तिमाहीचा जाच संपेल असे काहींना वाटले. परंतु या रकमेतले सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाऊ आहेत. भागधारकांना एखाद्या वर्षी थोडे थांबा म्हणता येते. सावकाराचे व्याज तारखेलाच द्यावे लागते. हमखास उत्पन्न देणारे क्रीडा-गेम अशा घरात लाडके राहतील आणि चार वर्षांनी एकदा येणारा कथाप्रधान गेम करणाऱ्यांना आपले अस्तित्व अधिक वेळा सिद्ध करावे लागेल, असा माझा अंदाज आहे.

राहिला प्रश्न खेळाडूने काय पाहावे याचा. खरेदीच्या दिवशी दोन्ही बाजू स्वातंत्र्य अबाधित राहील असे सांगतात. ते बहुधा मनापासून सांगितलेले असते, पण त्यावरून काहीही ठरवू नये. मी स्वतः आधी पाहतो ते संस्थापक आणि मुख्य डिझायनर तीन वर्षांनी कुठे आहेत हे, कारण त्यांना थांबवण्यासाठी बांधलेल्या रकमा साधारण तेवढ्या काळात हातात पडतात आणि जायचे ते त्यानंतर जातात. मग पाहतो ते स्टुडिओच्या भरतीच्या जाहिराती. कथा आणि पातळ्यांची रचना करणाऱ्यांऐवजी गेममधील दुकान, उत्पन्नवाढ आणि खेळाडू टिकवण्याच्या कामासाठी माणसे मागितली जाऊ लागली, तर पुढचा गेम कोणत्या प्रकारचा असेल हे अधिकृत घोषणेच्या दोन वर्षे आधी कळते. आणि गेम संपल्यावर येणारी श्रेयनामावली. मागच्या गेमची नामावली शेजारी ठेवून नावे जुळवून पाहावीत. अर्धा तास लागतो, आणि पाटीमागे अजून तोच स्टुडिओ आहे की नाही हे त्यातून जितके कळते, तितके मला आजवर कोणत्याही प्रसिद्धिपत्रकातून कळलेले नाही.